एकच बंदूक ठेवायची तर: बारा बोअरच्या दुनळीची पार्श्वभूमी

सगळ्याला चालेल अशी एकच बंदूक कोणती, या प्रश्नाला सातारा-सांगलीकडे ठरलेलं उत्तर आहे: बारा बोअरची दुनळी. हे उत्तर जितकं रानातून आलं, तितकंच कायद्यातूनही आलं.

1878 च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगणं ही सरकारच्या मर्जीची बाब केली. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण या संस्थानांत शिकार दरबाराची. खालसा, म्हणजे थेट इंग्रजांच्या, मुलखात ती अंमलदारांची. रयतेच्या हाती उरली ती ठासणीची बंदूक, तीही मोजक्या घरांत. 1930 मध्ये गांधीजींनी सरकारपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवान्याची मागणी होती, हे आता फारसं कुणी आठवत नाही.

खरा पाया 1959 च्या शस्त्र कायद्याने घातला, आणि घोळही त्यानेच घातला. त्याचं कलम 13 नीट वाचण्यासारखं आहे. गुळगुळीत नळीची (आत रायफलसारखे आटे नसलेली), किमान 20 इंच नळी असलेली बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी हवी असेल, तर परवाना 'द्यावा' अशी भाषा तिथे आहे. रायफल-पिस्तुलासाठी मात्र सबळ कारण पटवावं लागतं. सामान्य माणसाला बारा बोअर जवळची झाली ती इथे. पण त्याच वाक्यात पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक म्हटलं आहे. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक 'देता येईल', एवढीच पुढे सोय. म्हणजे वाड्यात राहून संरक्षणासाठी अर्ज करणाऱ्याला दुनळी हक्काने, आणि रात्रभर माळ्यावर बसणाऱ्या शेतकऱ्याला ती अधिकाऱ्याच्या मर्जीने. शिराळा-पाटणच्या पावसात भात आणि भुईमूग उभा असतो तेव्हाच डुकरं उतरतात. त्या ओलीत दारू ठासायची, चिंधी कोंबायची, एक बार काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. हा क्रम ज्याने ठरवला त्याने पावसातलं शेत पाहिलेलं नसावं. अर्जावर पीक संरक्षणाऐवजी स्वसंरक्षण लिहिण्याकडे कल झाला तर त्यात शेतकऱ्याचा काय दोष?

दुनळीचा गुण असा की एकाच हत्याराला अनेक कामं जमतात. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण 18.5 मिलिमीटर; काडतूस बदललं की बंदूक बदलते. खटाव-माणच्या माळावर लावरी-तित्तरासाठी बारीक छर्रे, सशाला त्याहून जाड, जावळीच्या रानात डुकराला एल.जी. (सर्वांत जाड छर्रे) किंवा एकच गोळी. एक नळी मोकळी आणि दुसरी तोंडाशी आवळलेली, म्हणजे जवळचा बार पसरतो आणि लांबचा एकवट राहतो. छर्‍याची खात्री पस्तीस-चाळीस यार्डांपर्यंतच, पण झुडपी रानात तेवढी पुरते. काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली मिळत.

मग 1972 चा वन्यजीव कायदा आला. सुरुवातीला मोठ्या आणि लहान शिकारीचे वेगवेगळे परवाने होते. 1991 च्या दुरुस्तीने ते गेले आणि शिकार संपली. ते योग्यच झालं. अडचण वेगळी आहे: पीक संरक्षणाचा शस्त्रपरवाना कायम राहिला, पण त्या बंदुकीने डुकराला गोळी घालायला वन खात्याची स्वतंत्र परवानगी लागू लागली. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वन खात्याकडे नोंदणी करावी लागते, आणि तिथे नवा परवाना वन्यजीव विभागाच्या संमतीशिवाय मिळत नाही. कोयना, चांदोली, सागरेश्वर यांच्या भोवती वर्तुळं काढून पाहा. ज्या गावांना उपद्रव सर्वाधिक, तीच गावं त्यात येतात. राज्य सरकारने 2015 मध्ये डुक्कर आणि नीलगाईबाबत परवानगीची वाट मोकळी केली, पण अर्ज, पंचनामा आणि प्रत्यक्ष परवानगी यांत एका रात्रीचं पीक वाचत नाही. 2022 च्या दुरुस्तीत वन्यजीव कायद्यातल्या प्राण्यांच्या याद्या (अनुसूच्या) बदलल्या; परवानगीची अट राहिली. दरम्यान निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा निघतात, मग पीक कापणीला आलेलं असो वा नसो.

हत्यारांच्या संख्येचा वाद अलीकडचा. 1983 मध्ये एका व्यक्तीला तीन हत्यारांची मर्यादा आली. 2019 च्या शस्त्र कायदा दुरुस्ती विधेयकात ती थेट एकावर आणण्याचा प्रस्ताव होता. विरोध झाल्यावर मंजूर झाली ती दोनाची. वारशाने आलेलं हत्यारही त्यातच मोजलं जातं. आजोबांची ठासणीची आणि वडिलांची दुनळी एकाच वारसाच्या नावावर आली की मर्यादा भरली.

याचा फटका नेमबाजीला बसतो. ट्रॅप या स्पर्धाप्रकारात उडवलेली मातीची तबकडी वेगाने दूर जाते, म्हणून आवळलेल्या तोंडाची, वर-खाली नळ्यांची, लांब बंदूक लागते. स्कीट या दुसऱ्या प्रकारात तबकडी जवळून आडवी जाते, तिथे मोकळी नळी हवी. शेतावरच्या शेजारी-शेजारी नळ्यांच्या दुनळीने सराव होईल, पण स्पर्धा कठीण. नामांकित खेळाडूंची जादा हत्यारांची सूट 2020 मध्ये वाढली. होतकरू नेमबाजांना ती दोनच हत्यारांपुरती मिळाली. कराड-तासगावच्या मुलांना रायफल आणि पिस्तुलाचीच वाट सोपी पडते, कारण त्याची सुरुवात एअर रायफल किंवा एअर पिस्तुलावर होते आणि क्लबमधली ही हत्यारं मर्यादेत मोजली जात नाहीत.