टप्पा मोजायचा तो सेकंदांत

सप्टेंबर संपत आला की अमेरिकेतल्या वायोमिंगच्या माळावर पहाटे गवत पांढरं दिसतं, इतकं दहिवर पडतं. माळभर सेजब्रशची करडी-हिरवी, गुडघाभर उंचीची झुडपं. त्यातल्याच एका झुडपाआड शिकारी पोटावर पडलाय. पाठपिशवीवर रायफल टेकवलेली, डोळा दुर्बिणीला. पलीकडच्या उतारावर हरणासारख्या दिसणाऱ्या प्राँगहॉर्नचा नर चरतोय. लेझरच्या यंत्राने अंतर दाखवलं: ४२० मीटर. रायफल उत्तम, दुर्बीण महागाची, जनावर आडवं उभं. सावज टप्प्यात आहे, असं कुणीही म्हणेल.

मला या लेखात त्या ‘टप्प्या’बद्दलच बोलायचं आहे. टप्पा आपण मीटरमध्ये मोजतो. तो सेकंदांत मोजला, तर हा बार का टाकू नये हे आपोआप उलगडत जातं.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. अमेरिकेत चित्र वेगळं आहे. तिथली राज्यं जनावरांची गणती करून ठरावीक परवाने देतात, आणि १९३७च्या एका कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीव संवर्धनाकडे वळवला जातो. प्राँगहॉर्न सगळ्यात जास्त आहेत ते वायोमिंगमध्येच. दिसायला हरणासारखा, पण हा प्राणी हरीण नव्हे. आज जिवंत असलेल्यांत त्याचे जवळचे नातलग म्हणजे जिराफ आणि ओकापी. वजन ४० ते ६० किलो, धाव तासाला ९० किलोमीटरच्या घरात, नजर विलक्षण तीक्ष्ण. उघड्या माळावर राहणाऱ्या या जनावराजवळ पोचणं कठीण, म्हणून लांबूनच बार टाकायचा मोह इथे सगळ्यात जास्त होतो.

गोळी लागायला हवी ती वर्मी. वर्म म्हणजे पुढच्या पायाच्या मागे असलेला काळीज आणि फुप्फुसांचा भाग. प्राँगहॉर्नच्या बाबतीत हे वर्तुळ जेमतेम २० सेंटिमीटर व्यासाचं असतं, जेवणाच्या ताटापेक्षा लहान. मधोमध नेम धरला तर कुठल्याही बाजूला १० सेंटिमीटरची मोकळीक. पुढचा सगळा हिशेब या १० सेंटिमीटरांचा आहे.

एक सर्वसाधारण गोळी घेऊ. नळीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला ८२० मीटर. हवा नसती तर ४२० मीटर कापायला तिला ०.५१ सेकंद लागले असते. हवेच्या विरोधामुळे प्रत्यक्षात सुमारे ०.५९ सेकंद लागतात. ही ०.०८ सेकंदाची तफावत लक्षात ठेवा, ती मोठी कामाची आहे.

आडव्या वाऱ्याने गोळी किती सरकते? सहज सुचणारं गणित असं: वारा सेकंदाला ४ मीटर, उड्डाण ०.५९ सेकंद, म्हणजे गोळी दोन मीटरहून जास्त सरकायला हवी. तसं होत नाही, कारण गोळी वाऱ्यावर तरंगत जात नाही. एकोणिसाव्या शतकातल्या दिदिआँ या फ्रेंच तोफशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र सांगतं की वाऱ्याचा आडवा वेग गुणायचा तो त्या तफावतीशी. ४ गुणिले ०.०८, म्हणजे ३२ सेंटिमीटर. हवेचा विरोध शून्य असलेली गोळी कितीही वेळ उडाली तरी आडव्या वाऱ्याने सरकलीच नसती. हे सूत्र पहिल्यांदा समजलं तेव्हा मी ते कागदावर तीनदा करून पाहिलं होतं, इतकं ते मनाला पटत नाही.

या सूत्रातून एक गोष्ट लगेच दिसते. तफावत अंतराच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून कितीतरी झपाट्याने वाढते. आपल्या गोळीसाठी २०० मीटरवर ती ०.०१८ सेकंद असते, ४०० मीटरवर ०.०७३, ६०० मीटरवर ०.१७५ च्या आसपास. अंतर तिप्पट झालं आणि वाऱ्याचा परिणाम जवळजवळ दहापट.

३२ सेंटिमीटर सरकणार हे माहीत असेल, तर तेवढा नेम बाजूला धरता येतो. अडचण सरकण्याची नाही, वारा नेमका किती हे ओळखण्याची आहे. हातातलं वारामापक यंत्र सांगतं ते हाताशी वाहणाऱ्या वाऱ्याबद्दल. मध्ये घळ असेल तर गोळी तिच्या तळापासून कितीतरी उंचावरून जाते, आणि तळातलं गवत तिथल्या वाऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. डोंगराळ भागात रात्री थंड झालेली हवा उताराने खाली वाहते, ऊन चढलं की उलटी वर चढू लागते, आणि मधल्या तासाभरात वाऱ्याचा काही भरवसा नसतो. त्यात कोनही धरायचा. नेमाच्या रेषेशी ३० अंशांचा कोन करून येणारा वारा निम्माच मोजायचा.

अशा ठिकाणी वाऱ्याच्या अंदाजात सेकंदाला १ मीटरची चूक म्हणजे फार नव्हे. आपण रमतगमत चालतो त्याहूनही हा वेग कमी. ४२० मीटरवर तेवढ्या चुकीने गोळी ८ सेंटिमीटर सरकते. आपल्याकडच्या १० सेंटिमीटरांतले ८ इथेच संपले.

आता बंदूक आणि माणूस यांच्याकडे वळू. नेमबाजीच्या मैदानात, टेबलावर वाळूची पिशवी ठेवून, १०० मीटरवर तीन गोळ्या झाडल्या आणि तिन्ही ३ सेंटिमीटरच्या आत पडल्या, की लोक तो कागद घडी घालून पाकिटात ठेवतात. ‘माझी रायफल एवढी अचूक आहे.’ इथे संख्याशास्त्र विचारात घ्यावं लागतं. तीन गोळ्यांचा पसारा हा खऱ्या पसाऱ्याचा अपुरा नमुना असतो. त्याच रायफलीतून, त्याच हाताने दहा गोळ्या झाडल्या, तर त्यांचा पसारा सरासरीने तीन गोळ्यांच्या १.६ पट भरतो. रायफल बिघडलेली नसते, आधीचा आकडाच फसवा असतो. म्हणजे ३ सेंटिमीटर हे खरं तर ५ सेंटिमीटर.

पसारा हा कोनाचा असतो, म्हणून अंतराबरोबर तो सरळ प्रमाणात वाढतो. २०० मीटरवर १० सेंटिमीटर, ३०० वर १५, ४०० वर २०. चारशे मीटरवर बंदुकीच्या पसाऱ्याचं वर्तुळ आणि वर्माचं वर्तुळ एकाच मापाचं झालं. वाऱ्याच्या चुकीला जागाच उरली नाही. सगळ्या चुका दर वेळी एकाच बाजूला पडत नाहीत, त्यामुळे सरळ बेरीज थोडी कठोर आहे हे खरं. पण टेबल आणि वाळूची पिशवी मैदानातच राहिली. चढ चढून आलेल्या माणसाचा श्वास लागलेला असतो, नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर दुर्बिणीतली फुली हलते, पोटाखाली दगड टोचत असतो. ५ सेंटिमीटर इथे टिकत नाहीत.

२०० मीटरवर याच माणसाचा, याच बंदुकीचा हिशेब पाहा. पसारा १० सेंटिमीटर, म्हणजे मधल्या बिंदूपासून ५. वाऱ्याच्या अंदाजात सेकंदाला २ मीटरची ढोबळ चूक झाली तरी गोळी साडेतीन सेंटिमीटरच सरकेल. दोन्ही मिळून साडेआठ, वर्माच्या आतच.

अंतराची बाजू लेझरने पुष्कळ सोपी केली हे मान्य करायला हवं. पूर्वी नजरेने अंतर ठरवताना २० मीटरची चूक सहज व्हायची. २०० मीटरवर ती साधारण तीन सेंटिमीटरला पडायची. ५०० मीटरवर गोळी इतकी तिरपी खाली येत असते की तीच चूक १० सेंटिमीटरच्या पुढे जाते. आता यंत्र अंतर सांगतं, त्यावरून गोळी किती खाली येईल तेही सांगतं. मला वाटतं, खरा घोटाळा इथूनच सुरू झाला. एक चूक पुसली गेली, म्हणून बाकीच्याही गेल्या असं वाटू लागलं.

आणि एक चूक अशी आहे जी कुठलंही यंत्र पुसू शकत नाही: जनावर जिवंत आहे. चाप ओढायचं मनात आल्यापासून बोट हलेपर्यंत सुमारे ०.२ सेकंद, पुढे गोळीचे ०.५९, मिळून जवळजवळ ०.८ सेकंद. चरता चरता पुढच्या झुडपाकडे निघालेला प्राँगहॉर्न सेकंदाला एक मीटर सहज चालतो. म्हणजे ८० सेंटिमीटर. बंदुकीच्या आवाजाने तो दचकणार नाही, कारण गोळी आवाजाच्या आधी पोचते. तो हलेल तो फक्त पुढचा घास घ्यायला. खांद्यामागे धरलेला नेम पोटात किंवा मांडीत लागेल.

पोटात गोळी लागलेलं जनावर लगेच पडत नाही. ते पाठ वाकवून, मान खाली घालून चालत राहतं आणि मरायला त्याला तास न् तास लागू शकतात. रक्त बाहेर फारसं पडत नाही, मागही मिळत नाही. वेग कमी झालेल्या गोळीचा वेगळाच त्रास. शिकारीची गोळी शरीरात शिरल्यावर फुलासारखी उमलावी अशी बनवलेली असते, आणि अनेक गोळ्यांना त्यासाठी सेकंदाला साधारण ५५० मीटर वेग लागतो. आपली गोळी ५०० मीटरवर जेमतेम तेवढ्यावर येते. त्यापुढे ती वर्मी लागली तरी बारीक भोक पाडून आरपार जाण्याची भीती असते.

त्यात शिकारी ४२० मीटर लांब. झटक्याने दुर्बीण उडाली, चित्र हललं, पुन्हा पाहीपर्यंत कळप धावत सुटलेला. लागली की हुकली? घळ उतरून पलीकडे चढायला अर्धा तास. तिथे गेल्यावर सगळी झुडपं सारखीच दिसतात आणि जनावर नेमकं कुठे उभं होतं तेच सापडत नाही. ‘हुकली असेल’ असं म्हणून परतणाऱ्याला आपण काय मागे ठेवून आलो, हे कधीच कळत नाही. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. फसलेल्या लांबच्या बारांचा हिशेबच कुणाकडे जमा होत नाही, लागलेल्यांचे फोटो मात्र फिरत राहतात.

थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब शिकारीत जनावराला निसटायची रास्त संधी असावी, हे तत्त्व मांडत आला आहे. आयडाहो राज्याने मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी १६ पौंडांपेक्षा, म्हणजे सव्वासात किलोंपेक्षा, जड, म्हणजे फार लांबच्या बारासाठी घेतात तशा, बंदुकीला बंदी घातली आहे. पण कायदा वजन मोजू शकतो, त्या क्षणीचा वारा नाही. अंतराची मर्यादा माणसालाच ठरवावी लागते, आणि ती घरी बसून ठरवावी लागते. परवान्याच्या सोडतीत नाव लागायला काही वर्षं गेलेली, सुट्टीचा शेवटचा दिवस, ऊन उतरायला लागलेलं. अशा वेळी माणूस वारा आहे त्यापेक्षा कमीच वाचतो. दहा गोळ्यांचा खरा पसारा, जनावराच्या वर्माचं माप, वाऱ्याच्या अंदाजात नेहमी होणारी चूक, हे तीन आकडे मांडून निघालेलं अंतर दस्त्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवणारे शिकारी आहेत. त्यापलीकडे जनावर दिसलं की पुढचं काम रांगण्याचं: निवडुंगाचे काटे चुकवत, वारा तोंडावर घेत, शंभर-दोनशे मीटर.

हा हिशेब आपल्यापासून वाटतो तेवढा दूर नाही. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या वस्तीजवळ अडकतो तेव्हा पशुवैद्यक भुलीचा डार्ट मारतो. दाबलेल्या वायूवर उडणाऱ्या डार्टचा वेग सेकंदाला ६० मीटर धरा. ३० मीटरवर पोचायला त्याला अर्धा सेकंद लागतो. आपल्या रायफलीची गोळी अर्ध्या सेकंदात ३६० मीटर जाते. म्हणजे सेकंदांत मोजलं, तर जुन्नरचे ३० मीटर आणि वायोमिंगचे ३६० मीटर एकच. डार्ट मांडीच्या जाड स्नायूत बसला पाहिजे. बिबट्या तेवढ्यात वळला तर तो छातीत किंवा पोटात घुसेल, आणि ज्याला वाचवायचं त्याचाच जीव जाईल. नीट बसला तरी भूल चढायला काही मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात तो गर्दीत शिरू शकतो किंवा विहिरीकडे जाऊ शकतो. म्हणून अनुभवी डॉक्टर आधी बघ्यांना मागे हटवायला सांगतो, उसाच्या कडेने जाळी लावून घेतो, आणि नळी खाली धरून थांबतो. बिबट्या अंग टेकून बसलेला असतो, मांडी समोर दिसत असते. पण शेपटीचं टोक अजून हलत असतं. ते हलायचं थांबेपर्यंत नळी वर येत नाही.