सेट (इंग्रजी शब्द)

सेट हा इंग्रजीतला तीन अक्षरांचा शब्द क्रियापद, नाम आणि विशेषण अशा तिन्ही रूपांत चालतो. 1989 साली वीस खंडांत निघालेल्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच क्रियापदाची होती : सुमारे 430 अर्थ आणि जवळपास 60,000 शब्द. तिसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदी नव्याने लिहिल्या जाऊ लागल्या, तेव्हा हा मान 2000 मध्ये ‘मेक’ला, 2007 मध्ये ‘पुट’ला आणि 2011 मध्ये 645 अर्थांच्या ‘रन’ला मिळाला. इतके अर्थ कोणी पाठ करत नाही, तशी गरजही नाही. त्यांतले बहुतेक दोन मुळांतून फुटले आहेत आणि ती मुळे ओळखली की वाक्यातला नेमका अर्थ सहसा हाती लागतो.

पहिले मूळ जर्मानिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन यांच्या भाषागटातले आहे. जुन्या इंग्रजीत ‘सिटन’ म्हणजे बसणे आणि ‘सेटन’ म्हणजे बसवणे. सेट हे सिटचे प्रयोजक रूप; मराठीत पडणे–पाडणे किंवा बसणे–बसवणे या जोड्या असतात तसेच. ही नाती आणखी मागे जातात. संस्कृत ‘सद्’ हा याच कुळातला धातू असून त्याचे प्रयोजक रूप ‘सादयति’ हे सेटचे सख्खे भावंड शोभते. सदन, संसद, परिषद, उपनिषद हे शब्द याच धातूचे. मराठी ‘बसणे’ मात्र ‘उपविश्’वरून आले आहे, त्यामुळे त्याचे सेटशी रक्ताचे नाते नाही. अर्थाची वाट मात्र तीच आहे, म्हणून निखळलेले हाड इंग्रजीत ‘सेट’ करतात आणि मराठीत बसवतात; हिरा तिकडे अंगठीत ‘सेट’ होतो, इकडे कोंदणात बसतो.

दुसरे मूळ लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायांचा गट किंवा पंथ. जुन्या फ्रेंचमधल्या ‘सेट’मार्फत ते इंग्रजीत आले. एकत्र असणाऱ्या माणसांचा गट आणि त्यावरून एकमेकांशी मेळ खाणाऱ्या वस्तूंचा संच हे अर्थ तिथून निघाले. ‘सेक्ट’ हा इंग्रजी शब्दही त्याच लॅटिन शब्दाचा वारस आहे. दोन्ही मुळांचे उच्चार आणि स्पेलिंग एक झाल्याने अर्थही एकमेकांत मिसळले, आणि काही नामांचे मूळ कोणते हे सांगणे कोशकारांनाही अवघड जाते.

मराठीत भाषांतर करताना एकच प्रतिशब्द धरून बसले की गाडी अडते, कारण इंग्रजी जे एका क्रियापदावर भागवते ते मराठी पाच-सहा क्रियापदांत वाटते. गजर, सापळा, आग, कवितेला चाल हे सगळे आपण लावतो. जेवणाची पाने मांडतो. अट घालतो, आदर्श घालून देतो. किंमत आणि तारीख ठरवतो. प्रश्नपत्रिका काढतो, शिडे उभारतो, कैद्याला मोकळे करतो. इंग्रजीत या सगळ्याला ‘सेट’ चालते. म्हणून आधी कर्म पाहावे. मराठी क्रियापद कर्मावरून ठरते. कर्मच नसेल तर बहुधा दोनांपैकी एक अर्थ असतो : सूर्य मावळणे किंवा पातळ पदार्थ घट्ट होणे.

व्याकरणात एक अडचण आहे. या क्रियापदाचे वर्तमान, भूत आणि भूतकालवाचक धातुसाधित अशी तिन्ही रूपे सारखीच. ‘दे सेट द प्राइस’ हे वाक्य ‘ते किंमत ठरवतात’ असेही वाचता येते आणि ‘त्यांनी किंमत ठरवली’ असेही. तृतीयपुरुषी एकवचनात शेवटी ‘स’ नसेल तर तो भूतकाळ, एवढी खूण मिळते. एरवी काळ आजूबाजूच्या शब्दांवरून काढावा लागतो. ‘सेटेड’ असे रूप प्रमाण इंग्रजीत नाही.

खरी कसोटी लागते ती क्रियापदामागे येणाऱ्या छोट्या शब्दांशी. ‘सेट अप’ म्हणजे उभारणे, पण कर्म माणूस असेल तर त्याला खोट्या प्रकरणात अडकवणे असाही अर्थ होतो. ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासाला निघणे, फटाका किंवा भोंगा सुरू करणे आणि शेजारच्या रंगामुळे एखादी गोष्ट उठून दिसणे. ‘सेट आउट’मध्ये निघण्याबरोबर काहीतरी साधायचा इरादा असतो. ‘सेट इन’ प्रामुख्याने नको असलेल्या आणि लवकर न जाणाऱ्या गोष्टींसाठी वापरतात : कुजणे, निराशा, संसर्ग. ‘सेट बॅक’ म्हणजे काम मागे ढकलणे, लांबवणे, आणि बोलीत खिशाला तेवढा खड्डा पडणे. ‘सेट अबाउट’ म्हणजे कामाला हात घालणे. पुढे क्रियापद आले तर ते ‘इंग’ लावूनच येते.

‘सेट असाइड’वर जरा थांबायला हवे. रोजच्या वापरात त्याचा अर्थ बाजूला काढून ठेवणे, पैसे किंवा वेळ राखून ठेवणे. न्यायालयाच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ आदेश रद्द करणे. वरच्या न्यायालयाने खालचा निकाल ‘सेट असाइड’ केला, याचे भाषांतर ‘निकाल बाजूला ठेवला’ असे केले तर निर्णय लांबणीवर पडल्याचा समज होतो, प्रत्यक्षात तो निकाल उरलेलाच नसतो. तसेच ‘निकाल राखून ठेवला’ ही मराठी न्यायालयीन बातमीतली ठरलेली शब्दयोजना ‘रिझर्व्ह’साठी आहे, तिची सरमिसळ झाली तर वाचकाला उलटीच बातमी कळते. बातम्यांच्या मथळ्यांतल्या ‘सेट टू’बाबतही जपावे. ‘दर सेट टू राइज’ म्हणजे दर वाढण्याची चिन्हे आहेत. दर कोणी ठरवला असा त्याचा अर्थ नाही.

बांधकामात ‘सेट होणे’ ही मोजता येणारी गोष्ट आहे. सिमेंट सुकल्यामुळे घट्ट होत नाही. पाण्याशी रासायनिक संयोग होऊन होते. म्हणूनच सेट झालेल्या काँक्रीटवर पुढे कित्येक दिवस पाणी मारावे लागते. सेटिंगचा वेळ विकाट उपकरणाने मोजतात : 40 मिलिमीटर खोल साच्यात सिमेंटचा लगदा भरून त्यात एक चौरस मिलिमीटर छेदाची सुई ठराविक वेळाने सोडायची. सुई तळापासून सुमारे 5 मिलिमीटर वर अडू लागली की प्रारंभिक सेटिंग झाले. सामान्य पोर्टलंड सिमेंटसाठी हा वेळ भारतीय मानकानुसार किमान 30 मिनिटे आणि अमेरिकी मानकानुसार किमान 45 मिनिटे लागतो. त्याच्या आत काँक्रीट ओतून, दाबून झालेले असावे. लगदा अवेळी घट्ट झाला तर कारण ओळखणे महत्त्वाचे. सिमेंट लगेच घट्ट होऊ नये म्हणून त्यात जिप्सम हे खनिज मिसळतात; दळताना उष्णतेने त्याचे पाणी उडून गेले असेल तर ‘फॉल्स सेट’ होतो. उष्णता फारशी जाणवत नाही आणि पाणी न घालता पुन्हा घोटले की लगदा मऊ होतो. जिप्सम कमी पडले तर ‘फ्लॅश सेट’ होतो. लगदा चांगलाच तापतो आणि घोटूनही सैल होत नाही. दोन्ही वेळा हात आधी पाण्याकडे जातो, पण जादा पाण्याने काँक्रीट कमजोरच होते.

सुतारकामातला ‘सेट’ म्हणजे करवतीचे दात आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे किंचित वाकवणे. त्यामुळे काप पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडतो आणि पाते लाकडात अडकत नाही. दात फक्त टोकाकडे वाकवावा. बुडातून वाकवला तर तो तुटतो. एका बाजूला बाक जास्त झाला तर काप त्याच बाजूला सरकत जातो. धातुशास्त्रात भार काढल्यावरही उरलेला बाक म्हणजे ‘पर्मनंट सेट’. खलाशांच्या भाषेत प्रवाहाचा ‘सेट’ म्हणजे तो ज्या दिशेला वाहतो ती दिशा. वाऱ्याला आपण तो जिकडून येतो त्या दिशेचे नाव देतो, प्रवाहाला जिकडे जातो तिचे. नकाशावर ही गल्लत झाली तर दुरुस्ती बरोबर उलट्या बाजूला होते. छपाईत खिळे जुळवण्याचे काम ‘टाइपसेटिंग’, आणि मराठीत त्याला अक्षरजुळणी हा नेटका शब्द आहे.

गणितात हा शब्द गणितज्ञ गेऑर्ग कँटोर यांच्या ‘मेंगे’ या जर्मन संज्ञेसाठी रूढ झाला. सेटच्या सिद्धांताची सुरुवात कँटोर यांच्या 1874 च्या निबंधापासून धरतात. मराठीत आपण संच म्हणतो. गणिती संचात क्रमाला महत्त्व नसते आणि एकच घटक दोनदा लिहिला तरी एकदाच धरतात. संगणकाच्या पायथन भाषेतही ‘सेट’ याच नियमाने वागतो. यादी त्यात टाकली की दुबार नोंदी आपोआप गळतात, पण मूळ क्रमाचाही भरवसा राहत नाही. रिकाम्या महिरपी कंसांनी तिथे रिकामा संच बनत नाही, ‘डिक्शनरी’, म्हणजे किल्ली आणि मूल्य यांच्या जोड्यांचा साठा बनतो. रिकाम्या संचासाठी ‘सेट’ लिहून पुढे साधे कंस द्यावे लागतात.

टेनिसमध्ये सहा गेम आणि दोनची आघाडी मिळाली की सेट जिंकला. 6–6 झाल्यावर टायब्रेक, म्हणजे सेटचा निकाल लावणारा एक निर्णायक गेम. पूर्वी विम्बल्डनच्या अंतिम सेटला टायब्रेक नव्हता. त्यामुळे 2010 साली जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा पाचवा सेट 70–68 पर्यंत लांबला आणि सामना तीन दिवसांत मिळून 11 तास 5 मिनिटे चालला. व्हॉलीबॉलमध्ये सेट 25 गुणांचा, निर्णायक पाचवा 15 गुणांचा.

मराठीत हा शब्द आता घरचाच झाला आहे, पण त्याचे सगळे मराठी अर्थ इंग्रजीत परत नेता येत नाहीत. ‘मुलगा सेट झाला’ यातल्या अर्थाला इंग्रजीत ‘सेटल्ड’ लागते. नुसते ‘सेट’ म्हटले तर तो तयार आहे असे ऐकणाऱ्याला वाटेल. ‘सेटिंग लावणे’ म्हणजे आतून संधान बांधणे. इंग्रजी ‘सेटिंग’ला ही छटा नाही, तिथे त्याचा अर्थ परिसर, कथेचा काळ व स्थळ किंवा यंत्राची जुळवणी एवढाच, आणि आतून ठरवून टाकण्याला ते ‘फिक्स’ म्हणतात.