फ्रेंचमधली ‘टोपी’: कुठली काढायची, कुठली ठेवायची
विद्यार्थी आणि पालकांसाठी

दर बॅचला तोच प्रश्न येतो: “फ्रान्सने स्पेलिंग बदललं ना? मग आमच्या वहीत लाल खूण का?” त्यावर बोलण्यात अर्धा तास जातो, म्हणून हे पत्रक. वही तपासायला देण्याआधी एकदा वाचा.

बदल खरा आहे, पण आजकालचा नाही. 6 डिसेंबर 1990 रोजी तो फ्रान्सच्या राजपत्रात छापून आला. साधारण 2000 शब्द त्यात येतात. जुनं किंवा नवं, कुठलंही रूप चूक धरू नये, अशी फ्रेंच अकादमीची (फ्रान्समधली भाषेवर देखरेख ठेवणारी संस्था) भूमिका आहे. 2016 मध्ये शालेय पुस्तकांत नवी रूपं सरसकट येणार अशी बातमी आली, तिकडे गदारोळ झाला आणि ‘फ्रेंचमधली टोपी गेली’ असं जो तो म्हणू लागला. सगळा घोटाळा या एका वाक्याने केला आहे.

टोपी म्हणजे स्वरावरची ‘^’ अशी खूण, सिर्कोंफ्लेक्स. ती काढायची मुभा आहे फक्त आय आणि यू या दोन अक्षरांवरून. ‘सिल व्हू प्ले’ (कृपया) मधल्या आयवरची किंवा ऑगस्टच्या ‘ऊत’मधल्या यूवरची काढलीत आणि निबंधावर ‘नवी’ पद्धत लिहिलीत, तर आम्ही खूण करणार नाही. ए, ई आणि ओ यांच्यावरची मात्र जागची हलत नाही. आमच्याकडे येणाऱ्या निबंधांत ‘शातो’ (किल्ला, वाडा), ‘फोरे’, ‘ओपिताल’ सगळे बोडके असतात. ही चूक 1990 च्या आधीही होती, आजही आहे. (ओपिताल लक्षात ठेवणं सोपं: हॉस्पिटलमधला एस गळाला आणि त्याच्या आधीच्या ओवर टोपी आली. फॉरेस्टचंही तसंच.)

आय-यूवरसुद्धा काही टोप्या ठेवाव्याच लागतात, कारण काढली की अर्थ बदलतो. ‘म्यूर’वर टोपी असेल तर आंबा पिकलेला, नसेल तर ती भिंत. ‘स्यूर’ टोपीसकट म्हणजे खात्री असलेला, टोपीशिवाय ‘वर’. टोपीवाला ‘झन’ म्हणजे उपवास, बिनटोपीचा म्हणजे तरुण. ‘दव्हुआर’ (करावं लागणं) या क्रियापदाचं ‘द्यू’ फक्त पुल्लिंगी एकवचनात टोपी घालतं. पासे सँप्ल या लेखी भूतकाळातल्या ‘नू’ (आम्ही) आणि ‘व्हू’ (तुम्ही) यांच्या रूपांवरही ती राहते. एवढं पाठ केलंत तर निम्म्या लाल खुणा कमी होतील.

बाकीचे बदल त्रास देत नाहीत. कांद्याच्या स्पेलिंगमधला आय गाळला तरी चालतो, ‘वीकेंड’ जोडून लिहिता येतं. आकडे अक्षरांत लिहिताना मधे सगळीकडे छोटी रेघ द्यायची, शंभराच्या पुढेही. आकड्यांचा हा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून नव्या पद्धतीने शिकवतो, कारण त्यात अपवाद आठवत बसावं लागत नाही.

इतर शब्द मात्र आधी जुन्या पद्धतीने. काही पालकांना हे जुनाट वाटतं. पण मुलांच्या हाती पडणाऱ्या कथा-कादंबऱ्या बहुतेक जुन्या स्पेलिंगमध्येच आहेत, आणि जुनी टोपी येणाऱ्याला ती काढायला शिकवणं एका तासाचं काम आहे. उलट करायला गेलं की महिने जातात.

आकडे सोडून एका निबंधात एकच पद्धत वापरा. वरच्या कोपऱ्यात ‘जुनी’ किंवा ‘नवी’ लिहा. काहीच लिहिलं नसेल तर जुनी धरून तपासू. कॉम्प्युटरवर लिहिणाऱ्यांनी वर्डच्या प्रूफिंग सेटिंगमध्ये फ्रेंचसाठी ‘जुनं आणि नवं दोन्ही’ हा पर्याय निवडावा, म्हणजे उगाच लाल रेघा येणार नाहीत. शाळेच्या परीक्षेत मात्र पाठ्यपुस्तकात छापलंय तसंच लिहा. तिथे अकादमीचा हवाला देऊन मार्क वाढत नाहीत.

टोप्यांचा सराव कच्चा असेल तर शनिवारी संध्याकाळी श्रुतलेखनाची छोटी बॅच असते. वही जागेवरच तपासून मिळते. आमच्याकडे शिकत नसलेल्यांनाही येता येईल. पहिल्या तासाची फी नाही.