‘बाई बोटीवर चालत नाही’ : एक खुलासा

“बाईमाणूस बोटीवर असलं की अपशकुन, संशोधनाच्या जहाजावर पोरींना घेतच नाहीत.” रंकाळ्यावर फिरताना हे मी अजून ऐकते. साफ चूक! एकेकाळी अनेक देशांत मज्जाव होता, हे खरं. पण औंधच्या पंत घराण्यातल्या अदिती पंत, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञ, १९८३ मध्येच भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्तांसोबत जहाजाने अंटार्क्टिकाला निघाल्या होत्या.

‘एवढं जड काम बायकांच्या ताकदीचं नाही’ हा मुद्दाही पोकळ आहे. खोल पाण्याचे नमुने घेणाऱ्या बाटल्यांची जड चौकट विंच, म्हणजे तार गुंडाळणारं यंत्र, तारेने खाली सोडतं, वर ओढतं. माणसाने नेमक्या खोलीवर बाटल्या बंद करायच्या, खारटपणा नि तापमान नोंदवायचं, रात्रपाळीतसुद्धा. आणि बोट लागते म्हणाल, तर ती पुरुषांनाही लागते.