पगार थोडा, डिव्हिडंड फार: ब्रिटनमधल्या छोट्या कंपन्यांच्या करनियोजनामागचा इतिहास

ब्रिटनमध्ये स्वतःची लिमिटेड कंपनी काढलेल्या कुणाही मराठी कॉन्ट्रॅक्टरला विचारा, एक आकडा त्याला तोंडपाठ असतो: १२,५७०. वर्षाला एवढ्या पौंडांवर प्राप्तिकर लागत नाही. म्हणून कंपनीतून तेवढाच पगार घ्यायचा, उरलेला नफा डिव्हिडंड म्हणून काढायचा आणि बायको भागधारक असेल तर तिचाही वाटा ठेवायचा. पुण्या-मुंबईहून आयटीच्या कामासाठी आलेल्या माणसाला अकाउंटंट हे पहिल्याच भेटीत शिकवतो, आमटीची कृती सांगावी तितक्या सहज. ही कृती कुणी एकानं बसून लिहिलेली नाही. तिच्यातला एकेक जिन्नस वेगवेगळ्या शतकांत, बहुतेकदा दुसऱ्याच कारणासाठी आला. गेली पंचवीस वर्षं सरकार तो एकेक करून काढून घेतंय.

आधी तारखेचा गोंधळ. इथलं वैयक्तिक करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. पूर्वी इंग्लंडचं नवं वर्ष २५ मार्चला, लेडी डेला लागायचं आणि खंड-हिशेब त्याच दिवशी मिटायचे. १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं, सप्टेंबरमधले ११ दिवस गाळले गेले. सरकारला ३६५ दिवसांचा पूर्ण महसूल हवा होता, म्हणून हिशेबाची तारीख ११ दिवस पुढे ढकलली गेली. मग ५ तारखेऐवजी ६ का, यावर जाणकारांत अजून वाद आहे. कॉर्पोरेशन टॅक्सचे दर मात्र १ एप्रिलला बदलतात आणि कंपनीचं स्वतःचं हिशेबवर्ष तिसऱ्याच तारखेला संपू शकतं. छोट्या कंपनीचा मालक अशी तीन पंचांगं सांभाळत असतो. आपल्याकडचं १ एप्रिलचं आर्थिक वर्षही १८६७ मध्ये ब्रिटिश सरकारच्या जमाखर्चाशी मेळ बसावा म्हणूनच आलं.

प्राप्तिकर स्वतः युद्धाचं अपत्य. फ्रान्सशी लढायला पैसा हवा म्हणून पंतप्रधान धाकट्या पिटनं तो १७९९ मध्ये लावला: २०० पौंडांवरच्या उत्पन्नाला पौंडामागे दोन शिलिंग, म्हणजे दहा टक्के. अपेक्षा एक कोटी पौंडांची होती, जमा झाले साठ लाखांच्या आसपास. लोक आपलं उत्पन्न आपणच सांगत होते, तेव्हा हे व्हायचंच. १८०३ मध्ये अ‍ॅडिंग्टननं उत्पन्नाचे पाच प्रकार पाडले आणि पैसे देणाऱ्याकडूनच कर कापून घ्यायची पद्धत आणली, आपल्या टीडीएसची पणजीच म्हणा. दर निम्मा करूनही वसुली जवळपास तेवढीच राहिली. कर मुळाशीच कापला की पळायला जागा उरत नाही, हे त्या खात्याला तेव्हाच कळलं. वॉटर्लूनंतर १८१६ मध्ये कर रद्द झाला आणि संसदेनं सगळी कागदपत्रं नष्ट करायचा हुकूम दिला. त्यांच्या नकला दुसऱ्या एका दप्तरात सुखरूप पडून राहिल्या. १८४२ मध्ये पीलनं 'तात्पुरता' म्हणून कर परत आणला. तो आजही कागदोपत्री तात्पुरताच आहे. दर ५ एप्रिलला त्याची मुदत संपते आणि संसदेला तो नव्यानं मंजूर करावा लागतो. १८५७ च्या उठावानं रिकामी झालेली तिजोरी भरायला जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये भारतात आणलेला प्राप्तिकर याच साच्यातला.

करनियोजन म्हणजे चोरी नव्हे, या समजुतीला कायद्याचं बळ मिळालं ते एका माळ्यामुळे. वेस्टमिन्स्टरचा ड्यूक हा तेव्हाच्या ब्रिटनमधला अतिश्रीमंत माणूस. त्याच्या माळ्याला आठवड्याला तीन पौंड पगार होता. घरच्या नोकराचा पगार करपात्र उत्पन्नातून वजा होत नसे, पण कराराने बांधलेली वार्षिकी, म्हणजे ठरावीक वर्षं द्यायची रक्कम, वजा होत असे. म्हणून ड्यूकनं माळ्याला करार करून दिला: सात वर्षं आठवड्याला ३८ शिलिंग. सोबत एक पत्र. पत्राचा आशय असा की, कामाचा पूर्ण पगार मागायचा हक्क तुला आहेच, पण तू वरचे २२ शिलिंगच घेशील अशी आमची अपेक्षा आहे. बेरीज केली की बरोबर तीन पौंड. १९३५ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, ड्यूकच्या बाजूनं निकाल दिला. आपले व्यवहार कर कमी लागेल अशा रीतीनं मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे, असं लॉर्ड टॉमलिन यांनी म्हटलं. पुढे १९८१ च्या रॅमसे निकालानं आणि २०१३ च्या गैरवापरविरोधी नियमानं या सवलतीला बरीच वेसण घातली. तरी करसल्लागारांच्या गप्पांत ड्यूक अजून निघतोच, माळ्याचं नाव मात्र कुणी काढत नाही.

कंपनी वेगळी आणि मालक वेगळा, हा जिन्नस त्याहून जुना. लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये बूट बनवणाऱ्या अ‍ॅरन सॉलोमननं १८९२ मध्ये आपल्या धंद्याची कंपनी केली. कायद्याला सात भागधारक लागत. त्यानं बायको, मुलगी आणि चार मुलगे यांना एकेक शेअर दिला आणि बाकी २०,००१ स्वतःकडे ठेवले. कंपनी बुडाल्यावर तिच्याकडे ज्यांचे पैसे अडकले होते त्यांच्यासाठी त्यालाच धरलं गेलं, पण १८९६ मध्ये लॉर्ड्सनी ही कंपनी कायद्यानं वेगळी व्यक्ती आहे असं ठरवलं. खटला कर्जाचा होता, कराशी त्याचा संबंध नव्हता. पण आज 'मी माझ्या कंपनीकडून पगार घेतो' हे वाक्य अर्थपूर्ण ठरतं ते या चांभाराच्या जोरावर.

बायकोचा वाटा तर फार उशिरा आला. नेपोलियनच्या युद्धकाळापासून १९९० पर्यंत ब्रिटनमध्ये विवाहित स्त्रीचं उत्पन्न कायद्यानं नवऱ्याचंच धरलं जाई आणि विवरणपत्र तोच भरे. ६ एप्रिल १९९० पासून तिला स्वतःचं करखातं आणि स्वतःची करमुक्त मर्यादा मिळाली. स्वातंत्र्याच्या या पावलातूनच घरगुती करनियोजनाचं सगळ्यात मोठं दार उघडलं. ससेक्समधल्या जोन्स दांपत्यानं १९९२ मध्ये आर्क्टिक सिस्टिम्स नावाची तयार कंपनी विकत घेतली: एक पौंडाचे दोन शेअर, एक त्याचा, एक तिचा. तो संगणक सल्लागार. ती आठवड्यातले चार-पाच तास हिशेब आणि पत्रव्यवहार पाही. त्यानं बाजारभावापेक्षा खूप कमी पगार घेतला आणि नफा दोघांत सारखा वाटला. करखातं म्हणालं, हे तुझंच उत्पन्न, तू ते बायकोच्या नावावर फिरवलंस.

खटला २००७ मध्ये लॉर्ड्सपर्यंत गेला. न्यायमूर्तींनी खात्याचं अर्धं म्हणणं मान्य केलं: हो, ही व्यवस्था नवऱ्यानं बायकोला दिलेली देणगीच आहे. पण १९९० च्या सुधारणेसोबतच पतिपत्नीमधल्या खऱ्या देणगीला सूट दिली गेली होती, आणि साधा शेअर म्हणजे काही नुसता उत्पन्नावरचा हक्क नव्हे. पाचही न्यायमूर्ती जोन्स यांच्या बाजूनं. दुसऱ्याच दिवशी सरकारनं कायदा बदलायची घोषणा केली. मसुदाही निघाला, पण व्यवहारात राबवणार कसा हे न सुटल्यानं तो बाजूला पडला. भारतात बायकोच्या नावावर पैसे ठेवले तर त्यांचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. तिथून आलेल्या माणसाला म्हणूनच हे सुरुवातीला खरंच वाटत नाही.

मग आला तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांचा शून्य दर. छोट्या धंद्यांना हात द्यायचा म्हणून एप्रिल २००२ पासून पहिल्या १०,००० पौंडांच्या नफ्यावर कंपनीला कर नाही. त्या काळी खालच्या टप्प्यातल्या माणसाला डिव्हिडंडवरही वेगळा कर भरावा लागत नसे. परिणाम लहान मुलालाही सांगता आला असता. प्लंबर, टॅक्सीवाले, केशकर्तनवाले रांगेनं कंपन्या काढू लागले. २००६ मध्ये तो दर मोडीत निघाला, पण 'कंपनी काढ, कर वाचतो' ही म्हण मागे राहिली.

आयटीवाल्यांची डोकेदुखी याच्या थोडी आधीची. ९ मार्च १९९९ च्या अर्थसंकल्पादिवशी निघालेल्या एका पत्रकाचा क्रमांक होता ३५, आणि त्यावरून आयआर३५ हे नाव पडलं ते कायमचं. शुक्रवारी नोकरी सोडणारा माणूस सोमवारी त्याच खुर्चीत 'सल्लागार' म्हणून बसतो, हे थांबवायचं होतं. नोकरासारख्या ठरलेल्या कॉन्ट्रॅक्टरला नोकरासारखाच कर, हा नियम २००० पासून लागू झाला. आधी कॉन्ट्रॅक्टरनं स्वतःच ठरवायचं की आपण नोकरासारखे आहोत का. २०१७ पासून सरकारी संस्थांत आणि २०२१ पासून मध्यम-मोठ्या खासगी कंपन्यांत ते ठरवायची जबाबदारी काम देणाऱ्यावर आली. बँकांनी धोका नको म्हणून स्वतःची कंपनी असलेल्या कॉन्ट्रॅक्टरांना सरसकट नकार द्यायला सुरुवात केली आणि अनेकांनी आपल्या कंपन्यांना टाळं लावलं. सप्टेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी हे बदल मागे घेत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्या जागी आलेल्या जेरेमी हंट यांनी १७ ऑक्टोबरला ती माघार रद्द केली. त्या तीन आठवड्यांत ज्यांनी वेबसाइटवरून नवी कंपनी नोंदवली, त्यांच्याशी या विषयावर न बोललेलं बरं.

डिव्हिडंडची गोडी तोवर ओसरू लागली होती. २०१६ मध्ये कंपनीनं भरलेल्या कराचं श्रेय भागधारकाला देणारी जुनी कर-जमा पद्धत गेली, ५,००० पौंडांची सूट आली. ती २०१८ मध्ये २,०००, २०२३ मध्ये १,००० आणि २०२४ मध्ये ५०० झाली. खालच्या टप्प्याचा दर ७.५ टक्क्यांवरून ८.७५ झाला आणि एप्रिल २०२६ पासून १०.७५. १२,५७० चा आकडा २०२१ पासून हललेला नाही.

आता साधा हिशेब मांडा. कंपनीच्या १०० पौंड नफ्यातून १९ कॉर्पोरेशन टॅक्स गेला, उरलेल्या ८१ वर १०.७५ टक्के डिव्हिडंड कर, हातात ७२ च्या आसपास. स्कॉटलंड वगळता, त्याच टप्प्यात एकट्यानं, बिनकंपनीचा धंदा करणाऱ्याचे २० टक्के प्राप्तिकराचे आणि ६ टक्के नॅशनल इन्शुरन्सचे (पेन्शन-भत्त्यांसाठीची सक्तीची वर्गणी) जातात, हातात ७४ राहतात. पण एप्रिल २०२६ पासून धंद्याची आणि भाड्याची मिळून उलाढाल ५०,००० पौंडांच्या वर असेल, तर एकट्या धंदेवाल्याला दर तिमाहीला सॉफ्टवेअरमधून करखात्याला हिशेब पाठवावा लागतो. एप्रिल २०२७ पासून ती मर्यादा ३०,००० ची, एप्रिल २०२८ पासून २०,००० ची. पगार आणि डिव्हिडंड त्या मोजणीत येत नाहीत. त्यामुळे कर दोन पौंड जास्त पडला तरी चालेल, तिमाहीची कटकट नको, म्हणून कंपनी काढायचा विचार करणारी माणसं आता अकाउंटंटकडे येऊ लागली आहेत.