नावानिशी कमेंट: कोरियातला कायदा आणि त्याचं मागे राहिलेलं शेपूट

बातम्यांच्या साइटवर निनावी कमेंट चालू द्याव्यात का, हा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, सरळ ओळखपत्र मागा, सगळे सुतासारखे सरळ येतील. हे दक्षिण कोरियाने कायदा करून, पाच वर्षं राबवून बघितलेलं आहे.

टोपणनावाने लिहिणं इंटरनेटच्या कितीतरी आधीचं. आपल्याकडे १८४८ पासून मुंबईच्या एका साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने समाजाला झोडपणारी पत्रं येत होती, लिहिणारा सरकारी नोकरीतला माणूस. असो.

कोरियात वातावरण तापलं ते २००५ च्या आसपास. सोलच्या मेट्रोत एका मुलीच्या कुत्र्याने घाण केली, तिने ती उचलली नाही, कोणीतरी फोटो टाकला आणि बघता बघता लोकांनी तिची ओळख शोधून काढून तिला नको नको ते बोलून घेतलं. मग जुलै २००७ मध्ये कायदा लागू झाला: रोज ३ लाखांवर लोक येणारे पोर्टल आणि २ लाखांवर लोक येणाऱ्या बातम्यांच्या साइट, यांनी कमेंट करणाऱ्याची ओळख आधी तपासायची. २००९ मध्ये ही मर्यादा सरसकट १ लाखावर आली.

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी, कारण वादात ती कायम निसटते. कमेंटखाली टोपणनावच दिसायचं. तपासणी व्हायची १३ आकडी रहिवासी नोंदणी क्रमांकावर, ज्यात जन्मतारीख आणि तुम्ही बाई की पुरुष हेसुद्धा असतं. म्हणजे शिव्या खाणाऱ्याला समोर कोण आहे हे आधीसारखंच कळत नव्हतं, ओळख असायची ती साइटकडे, आणि मागितली की पोलिसांकडे. ज्यांच्याकडे हा नंबरच नाही अशा परदेशी लोकांची पंचाईत वेगळीच. एका मोठ्या परदेशी व्हिडिओ साइटने तर २००९ मध्ये कोरियापुरत्या कमेंट आणि अपलोड बंदच केले, पण सेटिंगमध्ये दुसरा देश निवडला की काम होत होतं!

त्याच वर्षी जानेवारीत ‘मिनर्व्हा’ या नावाने अर्थव्यवस्थेबद्दल लिहिणाऱ्याला खोटी माहिती पसरवल्याच्या आरोपाखाली अटक झाली. लोकांना वाटत होतं हा कोणीतरी बडा बँकर असणार, निघाला तिशीतला बेरोजगार तरुण. एप्रिलमध्ये तो निर्दोष सुटला आणि ज्या कलमाखाली पकडला ते २०१० च्या अखेरीस घटनाबाह्य ठरलं.

जुलै २०११ मध्ये एका मोठ्या पोर्टलवरून साधारण ३.५ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, देशाची लोकसंख्या तेव्हा ५ कोटींच्या आसपास. पासवर्ड बदलता येतो, हा नोंदणी क्रमांक बदलून मिळत नव्हता. २३ ऑगस्ट २०१२ ला तिथल्या घटनात्मक न्यायालयाने एकमताने कायदा रद्द केला, कारणं अशी की बेकायदा मजकूर काही लक्षणीय कमी झाला नाही, लोक परदेशी साइटवर गेले आणि बोलण्यावर मात्र गदा आली.

बहुतेक लोक गोष्ट इथेच संपवतात. पण निवडणूक कायद्यात २००४ पासून एक वेगळं कलम होतं, फक्त इंटरनेटवरच्या बातम्यांच्या साइटसाठी: प्रचाराच्या काळात पक्ष किंवा उमेदवाराबद्दल लिहू द्यायचं तर खऱ्या नावाची तपासणी हवी, नाहीतर दंड. मोठा कायदा पडला तरी हे तसंच राहिलं, २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने ते वैधही ठरवलं, म्हणजे एरवी टोपणनावाने काहीही लिहा पण ज्या दिवसांत राजकारणावर बोलायची सगळ्यात जास्त गरज त्याच दिवसांत ओळख दाखवा, हे तर्कट मला आजही पटत नाही. काही छोट्या साइटनी प्रचाराच्या काळात कमेंटच बंद ठेवल्या. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने आपलं जुनं मत फिरवलं आणि हे कलमही गेलं.

तोवर प्रश्नच बदलला होता. २०१८ मध्ये सॉफ्टवेअर लावून कमेंटचे लाइक फुगवल्याचं मोठं प्रकरण बाहेर आलं, तेही दुसऱ्यांचे आयडी वापरून. २०१९ मध्ये कमेंटमधून सतत शिव्या खाणाऱ्या एका तरुण कलाकाराचा मृत्यू झाला, तेव्हा एका पोर्टलने मनोरंजनाच्या बातम्यांखालच्या कमेंट बंद केल्या, मार्च २०२० मध्ये दुसऱ्यानेही केल्या. या दुसऱ्याने बाकीच्या बातम्यांसाठी नाव मागितलं नाही, माणसाच्या आधीच्या सगळ्या कमेंट मात्र सगळ्यांना दिसतील असं केलं.

आणि खऱ्या नावाचं म्हणाल तर कोरियातल्या त्या निकालानंतर तीनच महिन्यांनी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघरच्या एका तरुणीने मुंबई बंदबद्दल स्वतःच्या नावाने पोस्ट टाकली, मैत्रिणीने लाइक केली आणि दोघींना अटक झाली. त्यांना लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ कलम मार्च २०१५ मध्ये रद्द झालं. फेब्रुवारी २०२१ च्या आपल्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ओळख तपासणीची सोय आहे, ती ५० लाखांवर वापरकर्ते असलेल्या सोशल मीडिया कंपन्यांनी द्यायची, पण वापरायची की नाही ते वापरणाऱ्याने ठरवायचं.