कचेरी चालू ठेवून दुरुस्ती आणि वाढीव बांधकाम : खोलीची चावी देण्यापूर्वी वाचावे

पंचायत असो, सहकारी सोसायटी असो की वाचनालय, बांधकामासाठी आमच्याकडे येणाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काम चालू असताना ऑफिस बंद ठेवावं लागेल का?"

नाही. घरपट्टी भरायला, ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीतल्या मिळकतीचा ऑनलाइन उतारा काढायला, रेशनच्या अंगठ्याला माणसं रोज येतात. त्यांना दोन-तीन महिने परत पाठवणं आम्हालाही पटत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आम्ही अशी कामं ऑफिस चालू ठेवूनच करतो. आमची अट एकच : ज्या खोलीत काम धरायचं ती खोली ठरलेल्या दिवशी पूर्ण रिकामी मिळाली पाहिजे. काम लांबतं तेव्हा लोक सिमेंटला, मजुरांना किंवा पावसाला दोष देतात. आमच्या अनुभवात सर्वांत जास्त दिवस जातात ते न हललेल्या कपाटापायी.

खानापूर तालुक्यातल्या एका गावी मागची खोली सोमवारी मिळायची होती. सकाळी आठला दोन गवंडी आणि चार बिगारी हजर झाले. चावी मिळाली, दार उघडलं, तर भिंतीला लागून लोखंडी कपाट, कुलूपबंद. किल्ली क्लार्ककडे आणि क्लार्क परगावी लग्नाला गेलेले. आत पाणीपट्टीची रजिस्टरं होती, त्यामुळे त्यांच्या माघारी कपाट कुणी हलवू देईना, आणि ते बरोबरच होतं. दोन दिवस आम्ही माणसांना बसून हजेरी दिली. तिसऱ्या दिवशी त्यांना दुसऱ्या कामावर पाठवावं लागलं. तिकडचा गिलावा अर्ध्यात सोडता येईना, म्हणून तीच जोडी परत यायला नऊ दिवस लागले. एवढ्यात त्या खोलीचा जुना गिलावा काढून नवा झाला असता.

म्हणून "रिकामी" म्हणजे काय ते आधी सांगतो. कपाटं, टेबलं तर गेलीच पाहिजेत. त्याशिवाय माळ्यावरची जुनी दप्तरं, भिंतीवरचे फोटो आणि नोटीस बोर्ड, इन्व्हर्टरची बॅटरी, इंटरनेटचा राउटर आणि त्याची फायबरची वायर. या वायरीचा सगळ्यांना विसर पडतो. ती खिडकीच्या चौकटीतून आत आलेली असते, चौकट काढली की तुटते, आणि मग कॉम्प्युटर चालू असूनही दिवसभर एक पावती निघत नाही. वायर दुसऱ्या खोलीत घेण्यासाठी कंपनीचा माणूस आदल्या आठवड्यातच बोलवावा.

हलवायला टेम्पो, माणसं आणि झाकणाचे क्रेट आम्ही देतो. कपाटात हात मात्र आम्ही घालत नाही. यावर काही ग्राहक नाराज होतात, "एवढं तरी करा" म्हणतात. पण सभासदांचं शेअर रजिस्टर किंवा मिळकतीच्या उताऱ्यांच्या (फॉर्म ९ आणि ११) फायली तुमच्या माणसाने स्वतः क्रेटमध्ये भराव्यात, क्रेटवर नंबर घालावा आणि वहीत नोंद करावी. उद्या एक कागद सापडला नाही तर संशय कुणावरच यायला नको. सोनेतारणाची तिजोरी असलेली खोली आम्ही शेवटी घेतो. तिच्या भिंतीला हात लावायचा तो मॅनेजर समोर असतानाच, आणि संध्याकाळ व्हायच्या आत त्या दिवसापुरतं काम बंद करतो.

दुसरी मागणी नेहमीची : "आधी जुनं दुरुस्त करा, कौलं गळतात. वाढीव खोल्या मागाहून बघू." आम्ही उलट क्रम धरतो. आधी मागची किंवा बाजूची नवी खोली पुरी करायची, ऑफिस तिथे न्यायचं आणि मग जुना भाग मोकळा करून घ्यायचा. असं केलं की दप्तर एकदाच हलतं. जुनं आधी धरलं तर ते व्हरांड्यात, तिथून शाळेच्या खोलीत आणि तिथून परत, असं तीन वेळा फिरतं. गळणाऱ्या कौलांवर तोवर ताडपत्री टाकून देतो, त्याचे वेगळे पैसे लावत नाही.

नवी खोली उभी राहिली की सगळ्यांना घाई होते. स्लॅब पडला की चार दिवसांत "धिरे (खालचे टेकू) कधी काढणार?" असा फोन येतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) ४.५ मीटरपर्यंत, म्हणजे साधारण १५ फुटांपर्यंत असेल तर धिरे किमान ७ दिवस ठेवावे लागतात, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस. तुळईखाली ६ मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर पाणी किमान १० दिवस मारायचं, एप्रिलच्या उन्हात १४. या दिवसांत आमची माणसं तुम्हाला कमी दिसतील. काम थांबलेलं नसतं, स्लॅबला ताकद येत असते. हे दिवस आम्ही वेळापत्रकात आधीच धरून देतो, तेव्हा त्यात काटछाट करायला सांगू नये.

नवं आणि जुनं जोडताना आम्ही मध्ये २५ मिलिमीटरची फट ठेवतो. ती बघून बऱ्याच पंचमंडळींना वाटतं की गवंड्याने काम अर्धवट सोडलं. जुनी चिऱ्याची भिंत कित्येक वर्षांत बसायची तेवढी बसलेली असते, नवी अजून बसणार असते. दोन्ही घट्ट बांधल्या तर नवी खाली जाताना जुनीला ओढते आणि तिरकी भेग पडते. निपाणी, चिकोडीकडच्या काळ्या मातीत हे जास्त होतं, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. फटीत फिलर भरून वर पट्टी बसवली की नजरेला काही दिसत नाही. दोन्हींमधल्या भिंतीत दार सगळ्यात शेवटी पाडतो, म्हणजे तोवर धूळ तिकडची तिकडेच राहते. जुन्या पायाशेजारी चर खणायचा तोही एकदम लांबच्या लांब खणत नाही. तुकड्यातुकड्याने खणून लगेच भरून घेतो. याला वेळ लागतो, पण जुनी भिंत उघड्यावर राहत नाही.

येणाऱ्या लोकांसाठी मधला पडदा प्लायवूडचा आणि आढ्यापर्यंत लावतो. नुसतं प्लास्टिक वाऱ्याने फडफडतं आणि धूळ अंगठ्याच्या मशीनवर बसते. पाडकामाचा आवाज सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. गावच्या बाजारादिवशी पाडकाम अजिबात नाही. माल येण्याची आणि माणसं येण्याची वाट वेगळी ठेवतो, फलक कन्नड आणि मराठीत लावतो. पायऱ्या बंद झाल्या तर तात्पुरता रॅम्प देतो, तो १ ला १२ या उताराचाच. जोतं दीड फूट असेल तर रॅम्प १८ फूट लांब लागतो. आखूड करा म्हणणाऱ्यांनी एकदा म्हाताऱ्या माणसाला त्यावरून हाताला धरून चढवून बघावं. ड्रिल आणि कटर तुमच्या ऑफिसच्या लाइनवर आम्ही लावत नाही. हेस्कॉम या वीज कंपनीचं तात्पुरतं कनेक्शन घेतो आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारा स्विच, बसवतो.

जुन्या इमारतींवरचे सिमेंटचे पत्रे बहुतेक ॲस्बेस्टॉसचे असतात. ते फोडून खाली टाकत नाहीत. भिजवून, बोल्ट सोडून, अख्खे उतरवायचे, आणि त्या दिवशी शेजारच्या खोलीत कुणी बसू नये. या एका दिवशी ऑफिस दुसरीकडे न्या असं आम्ही आग्रहाने सांगतो.

छप्पर उघडायचं काम दिवाळीनंतर धरून एप्रिलअखेर संपवतो. जांबोटी, कणकुंबीच्या जास्त पावसाच्या बाजूला त्याहून आधी. मे महिन्यात वळवाने एका रात्रीत रजिस्टरं भिजवलेली आम्ही पाहिली आहेत, म्हणून त्या महिन्यात कौलं उतरवायला सांगितलं तर आम्ही नाही म्हणतो. मृगाच्या आत छप्पर बंद झालंच पाहिजे. गावात लक्ष्मीयात्रा असेल तर तारीख आधी सांगा, त्या आठवड्यात गवंडी मिळत नाहीत.

आमचा दर बंद इमारतीतल्या कामापेक्षा थोडा जास्त पडतो. पडदा, रॅम्प, वेगळी वीज, टप्प्याटप्प्याने काम : यांची प्रत्येकाची ओळ कोटेशनमध्ये वेगळी दिसेल. तुम्ही ऑफिस भाड्याच्या जागेत हलवणार असाल तर त्या ओळी काढून टाकू. तुलना करताना दुसऱ्याच्या कोटेशनमध्ये हे धरलंय का, तेवढं विचारून घ्या.

जागा बघायला आम्ही दोनदा येतो, त्याचे पैसे घेत नाही. एकदा निवांत दिवशी मापं घ्यायला, आणि एकदा गर्दीच्या दिवशी, लोक कुठून येतात आणि कुठे उभे राहतात ते बघायला. या दुसऱ्या भेटीला चेअरमन किंवा अध्यक्षांबरोबर सेक्रेटरी आणि क्लार्कही हजर असावेत. प्रत्येक कपाटाची किल्ली कुणाकडे आहे आणि तो माणूस रजेवर गेला तर दुसरी कुठे मिळेल, हे आम्ही त्याच दिवशी लिहून घेतो.